वाऱ्यावरचे शिक्षण

गेल्या पंधरवड्यात आमचे एक वृद्ध स्नेही सकाळीच आमच्याकडे आले. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या. परंतु त्यांचे चित्त ठिकाणावर दिसेना. अखेर त्यांनी मोबाइल काढून आपल्या नातवाचे पत्र आमच्यापुढे धरले. नातू अमेरिकेत, आयोवा राज्यात वाढलेला. शालान्त शिक्षण संपवून चार वर्षांच्या विद्यापीठात न जाता गावाजवळच्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात पवनचक्क्यांच्या देखभालीचा अभ्यासक्रम घेण्याचा आपला निश्चय त्याने आजोबांस मोडक्या परंतु गोड मराठीत कळविला होता. "तीन पिढ्या आमचे घराणे पदवीधरांचे," स्नेही म्हणाले, "आणि हा शिडीवर चढून नटबोल्ट आवळणार! बापाने पोराला अगदी वाऱ्यावर सोडले." या शब्दातला श्लेष त्यांच्या ध्यानात आला नाही, आणि ती वेळ हसण्याचीही नव्हती.

आम्ही त्यांच्यापाशी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरची एक तरी शाखा आता परदेशी आहे. आणि ज्यांची नाही त्यांच्याही घरी हाच प्रश्न निराळ्या वेषात येतोच. म्हणून त्या आठ दिवसांत जे वाचले व विचारात घेतले, ते येथे मांडीत आहो.

प्रथम या कॉलेजांविषयी. 'कम्युनिटी' हा शब्द ऐकून आमच्या स्नेह्यांस ते एखाद्या ज्ञातीने चालविलेले विद्यालय वाटले होते! तसे ते नव्हे. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली असे पहिले सार्वजनिक दोन वर्षांचे कॉलेज निघाले. पुढे १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या मंडळाने अशी विद्यालये ठिकठिकाणी काढावी, त्यांत फी अल्प असावी आणि आसपासच्या वस्तीस उपयोगी पडेल ते त्यांनी शिकवावे, अशी शिफारस केली. तेव्हापासून हे नाव रूढ झाले, व आज अशी कॉलेजे तेथे हजाराच्या आसपास आहेत. तेथे परिचारिका तयार होतात, हिशेबनीस होतात, आणि पुढे विद्यापीठात जाऊ इच्छिणारेही पहिली दोन वर्षे स्वस्तात काढतात. नोकरी करून संध्याकाळी शिकणारी प्रौढ माणसे तरुणांच्या शेजारी बसतात. म्हणजे 'विद्यापीठात जागा मिळाली नाही म्हणून गेला' हा आपल्याकडील समज तेथे पुरता खरा नाही.

आता पवनचक्कीकडे वळू. पृथ्वीचे भांडवल न खाता व्याजावर संसार करावा, या विचाराचा आज सर्वत्र पुष्कळ गाजावाजा होतो, आणि विद्यालयांत तर तो फारच होतो. एक दिवस रोपे लावावयाची, पाहुण्यांनी भाषण करावयाचे, विद्यार्थ्यांनी हात पुढे करून शपथ घ्यावयाची, आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या वर्गात पंखे व दिवे पूर्ववत् चालू! असल्या प्रचाराविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. परंतु वाचता वाचता असे आढळले की, काही कॉलेजांनी निराळा मार्ग धरला. त्यांनी स्वतःच्या छपराला, स्वतःच्या विजेच्या बिलाला आणि स्वतःच्या यंत्राला क्रमिक पुस्तक केले.

कॅलिफोर्नियातील ओरोव्हिलजवळचे ब्यूट कॉलेज हे याचे एक उत्तम उदाहरण होय. या संस्थेने टप्प्याटप्प्याने छपरांवर, वाहने उभी करण्याच्या जागांवर व मोकळ्या जमिनीवर सौरपट्ट बसविले. २०११ साली त्यांची संख्या सुमारे २५,००० झाली, आणि आपण वापरतो त्याहून अधिक वीज निर्माण करणारे अमेरिकेतील पहिले कॉलेज म्हणून त्याचे नाव झाले. वीजखर्चात जे वाचले ते पुन्हा संस्थेच्या कामी आले, हा त्यातील गृहिणींस पटेल असा भाग. त्याच ब्यूट परगण्यात ८ नोव्हेंबर २०१८ रोजी भयंकर वणवा पेटला. वीजवाहिनीच्या एका जुन्या खांबावरील आकडा झिजून तुटल्यामुळे ठिणगी पडली, रान कोरडे ठणठणीत होते, वारा सुटला होता. पॅराडाइज नावाचे गाव काही तासांत जळून गेले व ८५ माणसे दगावली. कॉलेजातील कित्येक विद्यार्थी व शिक्षक बेघर झाले. विजेच्या तारेची देखभाल म्हणजे काय, आणि झिजलेला आकडा वेळेवर पाहणाऱ्या मनुष्याची किंमत किती, हे त्या विद्यार्थ्यांस कोणी व्याख्यान देऊन सांगण्याची गरज उरली नसेल.

ऑरेगन राज्यात लेन कम्युनिटी कॉलेज आहे. तेथे इमारतींतील ऊर्जेचा हिशेब ठेवण्याचे शास्त्र पुष्कळ वर्षांपासून शिकविले जाते. विद्यार्थी खरोखरीच्या इमारतीत जाऊन पाहतात: ऊब कोठून गळते, दिवे किती खातात, यंत्र रात्री विनाकारण का चालते. आपल्याकडील जुन्या कारकुनाने जमाखर्च तपासावा तसे हे काम. फक्त वही भिंतीत दडलेली असते.

आणि आयोवा. त्या राज्यात सांप्रत निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून होते. तेथील एस्टरव्हिल या लहानशा गावी आयोवा लेक्स कम्युनिटी कॉलेजाने २००४ साली पवनऊर्जेचा अभ्यासक्रम काढला, आणि लगेच पुढल्या वर्षी आपली स्वतःची १.६५ मेगावॅटची पवनचक्की उभारली. तिच्या पात्यांच्या फेऱ्याचा व्यास ८२ मीटर! चित्रातल्या चक्कीवर शिकणे आणि अंगणातल्या चक्कीवर शिकणे यांत जो फरक आहे, तो पोहण्याचे पुस्तक व विहीर यांतील फरक आहे. मनोऱ्याच्या आत शिडी असते. वर चढल्यावर एका खोलीत दंतचक्रांची पेटी, जनित्र, तेलाच्या नळ्या, वाऱ्याची दिशा ओळखून तोंड फिरविणारी यंत्रणा अशी सारी मांडणी असते. नटबोल्ट आवळावे लागतात हे खरे, परंतु किती जोराने आवळावयाचे हे मोजून आवळावे लागतात. आणि बिघाड झाल्यास तो विजेचा, तेलाचा की संगणकाचा, हे ओळखावे लागते. यास बुद्धी लागत नाही असे कोण म्हणेल?

येथपर्यंत वाचून आमचे स्नेही खुष झाले असते. परंतु कन्या पाहावयास गेल्यावर केवळ रूप पाहून भागत नाही. या कॉलेजांच्या जाहिरातींत एक आकडा मोठ्या अक्षरांत झळकतो: अमेरिकन सरकारच्या श्रमखात्याच्या अंदाजाप्रमाणे २०२३ ते २०३३ या दहा वर्षांत पवनचक्क्यांच्या कारागिरांची संख्या ६० टक्क्यांनी वाढणार. आकडा खरा आहे. पण टक्का कशाचा, हे विचारावे लागते. २०२३ साली साऱ्या अमेरिकेत असे कारागीर होते अवघे ११,४०० च्या सुमारास. म्हणजे दहा वर्षांत भर पडणार सुमारे ६,८०० जणांची. उलट साध्या वीजतंत्र्यांची वाढ त्याच काळात केवळ ११ टक्के सांगितली आहे; परंतु त्यांची संख्याच पावणेआठ लाखांवर असल्यामुळे ती भर ऐंशी हजारांच्या वर जाते. वेतन पाहावे, तर २०२३ साली पवनचक्कीच्या कारागिराचे मध्यम वार्षिक वेतन ६१,७७० डॉलर, आणि वीजतंत्र्याचे ६१,५९०. दोहोंत फरक तो काय? सौरपट्ट बसविणाऱ्याचे मात्र ४८,८०० डॉलर. तेव्हा 'हरित' या विशेषणास बाजारात निराळा भाव नाही. भाव आहे तो हातातील विद्येस. जे कॉलेज हे विद्यार्थ्यास पहिल्याच दिवशी सांगते, त्याचा प्रचार आम्ही खरा मानू.

दुसरी गोष्ट राजकारणाची. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकेत जो कायदा झाला, त्याने वारा व सूर्य यांच्या नव्या प्रकल्पांस मिळणाऱ्या करसवलतींची मुदत आखडून टाकली. नवी उभारणी त्यामुळे मंदावण्याचा संभव आहे. परंतु जे हजारो मनोरे उभे आहेत, त्यांस तेलपाणी करावेच लागणार; निवडणूक कोणीही जिंको. तिसरी गोष्ट अशी की, या व्यावसायिक पदविकेतील सर्वच विषय पुढे विद्यापीठ मान्य करते असे नव्हे. ज्या मुलास पुढे इंजिनियर होण्याची इच्छा राहील, त्याने प्रवेश घेण्यापूर्वीच हे लेखी विचारून घ्यावे.

हे सर्व आम्ही स्नेह्यांस सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "ते सारे ठीक. पण लोकांस काय सांगू?"

खरे दुखणे हे. आणि त्याविषयी आम्हांस आपल्याच घरांकडे पाहून थोडे कठोर लिहावे लागते. साताऱ्याकडील वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. आपण तेथे सहलीस जातो, छायाचित्रे काढतो, पण त्यांच्या आत चढणारा कोण याची चौकशी करीत नाही. आपल्या विद्यापीठ अनुदान मंडळानेही २०१३ च्या सुमारास कम्युनिटी कॉलेजांची योजना काढली; २०१५ साली सौरकामासाठी 'सूर्यमित्र' नावाचे तीन महिन्यांचे शिक्षण सुरू झाले. आपल्या ओळखीच्या घरांतून किती मुलांस कोणी त्याची माहिती दिली? फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपये अनुदान जाहीर झाले, आणि गच्चीवर पट्ट बसविण्याची चर्चा दिवाणखान्यात होऊ लागली. पट्ट कोणत्या बँकेच्या कर्जाने घ्यावे हे आपण पाच जणांस विचारतो. ते नीट बसवून, जमिनीशी तार जोडून, पुढे वर्षानुवर्षे तपासणाऱ्या मनुष्यास मात्र आपण अजूनही 'अरे, जरा बघ रे' म्हणतो. आणि संगणकापुढे बसणाऱ्या त्याच वयाच्या मुलास 'अहो'. काही घरांतून तर त्याच्या चहाचा कप आजही निराळा असतो. असे करून वर पोरांस पर्यावरणावर निबंध लिहावयास सांगणे आम्हांस तरी जमणार नाही.

आमचे स्नेही बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हिला विचारले पाहिजे." दुसऱ्या दिवशी आम्हीच त्यांच्या घरी गेलो. आजीबाई वाल सोलीत बसल्या होत्या. टक्के, डॉलर, कायदा हे सारे त्यांनी शांतपणे ऐकले आणि एकच प्रश्न केला: "एवढ्या उंच जायचे, तर त्याला धरायला काय असते? आणि एकट्यालाच पाठवतात का?" इतक्या दिवसांत आम्हां दोघां शिकलेल्या पुरुषांस हा प्रश्न सुचला नव्हता.

नातवाचे उत्तर त्याच रात्री आले. अंगाभोवती पट्ट्यांचा साज असतो, शिडीलगतच्या तारेत तो अडकवितात. एकट्याने वर जाण्याची चाल नाही. आणि पहिल्या सत्रात यंत्राआधी चढणे व अडकलेल्या सोबत्यास खाली उतरविणे हेच शिकवितात. आजोबांनी परतीच्या पत्रात विषय विद्यापीठ मान्य करते किंवा कसे, ते लेखी विचारण्याची सूचना क्रमांक घालून लिहिली. लोकांस काय सांगावे याचा उल्लेख त्यात नव्हता. खाली थोडी जागा उरली होती, तेथे आजीबाईंनी आपल्या हाताने लिहिले: "वर चढण्याआधी काही खाऊन जात जा. आणि सोबतचा मुलगा कोण, कोठला, ते कळव."