टाचण वही आणि आगमनकाळ

डिसेंबर लागला की घरोघरी करंज्यांचा विषय निघतो, पोरं गोठ्यासाठी गवत-माती गोळा करतात, दारात चांदण्या लागतात. मला हे सगळं आवडतं. पण एक तक्रार आहे, आणि ती आधी माझ्याचविषयी आहे. आगमनकाळाचा पहिला अर्धा भाग आपण चक्क वगळतो.

उपासनेत १७ डिसेंबरपासून रोख बेथलेहेमकडे वळतो. त्याआधीचे दिवस मुख्यतः प्रभूच्या पुन्हा येण्याचे आहेत. २०२५ साली ३० नोव्हेंबरला, पहिल्या रविवारी, मत्तयाच्या २४ व्या अध्यायातलं वाचन होतं. नोहाच्या काळी लोक खातपीत होते, लग्नं करत होते, आणि पूर आला. यात पाप कुठलं, सांगा बरं! चूक एवढीच की त्यांना पत्ताच नव्हता.

आमच्या शाळेत रोज टाचण काढायचा नियम होता. उद्या काय शिकवणार, ते आदल्या दिवशी वहीत लिहायचं. तपासणीची तारीख कळली की आम्ही काही जण महिन्याचं टाचण एका रात्रीत लिहून काढायचो. मीही लिहिलं आहे, खोटं कशाला बोलू? साहेब सही करून जायचे. पण एकदा साहेब न कळवताच आले आणि माझी वही दहा दिवस कोरी! त्या दिवशीची मान खाली घातलेली मला अजून आठवते.

नाताळच्या आदल्या आठवड्यात कबुलीजबाबाच्या रांगेत उभं राहायचं आणि तयारी झाली म्हणायचं, हे मला त्या एका रात्रीच्या टाचणासारखं वाटतं. कबुलीजबाब हवाच. पण ज्याची वेळ ठाऊक नाही त्याच्यासाठी रोजचीच वही लागते. आमचे हे सकाळी चहा पिऊन वाडीत गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून हे वाचन मला नुसतं वाचन राहिलेलं नाही.

म्हणून माझं मत असं की मोठे संकल्प नकोत. लांबलचक प्रार्थनेत माझं तरी लक्ष टिकत नाही. जेवणानंतर, टीव्ही लावण्याआधी दहा मिनिटं. त्या दिवसाचं शुभवर्तमान वाचायचं, आज कुठे चुकलं ते पाहायचं, आणि प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणायची. वेळ मात्र ठरलेली हवी, नाहीतर ‘झोपताना म्हणू’ म्हणत डोळा लागतो.

सावकाश म्हणण्यात एक धोका आहे, तोही सांगते. भरभर म्हटलं की क्षमेची ओळ कशी सटकन निघून जाते! गेल्या आगमनकाळात मी रोज त्या ओळीपाशी अडकायला लागले. धाकट्या जावेशी बांधावरून बोलणं बंद झाल्याला अकरा वर्षं झाली होती. (बांध आमचाच होता, हे अजूनही माझं मत आहे. असो.) आठ दिवस तिचं नाव मनात येत राहिलं. नवव्या दिवशी टीव्ही न लावता फोन लावला.

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मग घाबऱ्या आवाजात विचारलंन, “ताई, कोण आजारी आहे?”

“कुणी नाही गं,” म्हटलं. “करंज्यांना कधी येऊ?”