ओरडणारे आम्हीच होतो

श्री. रुबेन आमोरिम यांस,


पत्र कोल्हापुरातून लिहितोय. हे गाव तुम्हाला माहीत असायचं काही कारण नाही. क्रिकेटच्या देशात राहून इथं पेठापेठांत फुटबॉल खेळतात, तालमींच्या नावानं संघ आहेत, आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की दुकानदार गल्ल्यावर पोराला बसवून मॅचला जातो. कोचला शिव्या घालणं हा आमचा परंपरागत हक्क आहे. मँचेस्टर युनायटेडच्या चौदा महिन्यांत तुमच्या वाट्याला बऱ्याच आल्या. मराठीत असल्यामुळं पोचल्या नसतील, म्हणून हे पत्र.

२०२६ च्या ४ जानेवारीच्या रविवारपासून सुरू करतो. लीड्सबरोबर १-१. आमच्याकडं संध्याकाळी सहाची मॅच, म्हणजे झोपमोड न करता मिळालेली, म्हणून कट्ट्यावर पंधराएक जण होतो. मॅच आता कुणाला धड आठवत नाही. त्यानंतरची तुमची पत्रकार परिषद मात्र सगळ्यांना पाठ आहे. मी इथं मॅनेजर व्हायला आलोय, कोच व्हायला नाही, असं तुम्ही म्हणालात. आपलं नाव टुखेल नाही, कोन्ते नाही, मोरिन्यो नाही, पण मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर मीच, हेही ऐकवलंत. गॅरी नेव्हिलसारख्यांची टीका सोसत नसेल तर क्लबच बदलायला हवा, हा जाता जाता वरच्यांना टोला. आमच्यातला एक जण बँकेत आहे, युनियनचं काम केलेला. तो तिथंच म्हणाला, "गेला हा. साहेबांबद्दल माइकवर बोललेला माणूस सोमवारी हजेरीला नसतो." सोमवारी तुम्ही खरंच नव्हतात.

आता मॅनेजर की कोच, या वादात मी तुमच्या बाजूनं नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात नेमणूक जाहीर करताना क्लबनं हुद्दा 'हेड कोच' असाच लिहिला होता. फर्ग्युसनसाहेबांच्या काळात मॅनेजर म्हणजे सगळंच: कोण घ्यायचा, कोण विकायचा, पोरं रात्री कुठं जातात. तो काळ संपला, हे दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं आणि तुम्ही पाटी वाचूनच आत आला होता.

त्या रात्री कट्ट्यावर 'अहंकार' हा शब्द फार वेळा आला. मला तो पुरता पटत नाही. २०२५ च्या मे महिन्यात बिल्बाओला युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून ०-१ हरलात, लीगमध्ये आपण पंधरावे, गुण ४२, आणि तुम्ही सरळ सांगितलंत की बोर्डाला आणि चाहत्यांना नको असेन तर नुकसानभरपाईचा एक पैसा न घेता जाईन. त्याआधी जानेवारीत ब्रायटनकडून १-३ हरल्यावर, हा क्लबच्या इतिहासातला कदाचित सर्वांत वाईट संघ असेल, असं आपल्याच संघाबद्दल म्हणालात. शहाणपणाचं बोलणं नव्हतं, पण स्वतःला जपणारा माणूस असं बोलत नाही. आल्या आल्या एव्हर्टनला ४-० हरवलंत तेव्हा आम्ही फटाके काढायच्या बेतात, आणि तुमचं आपलं एकच, वादळ येणार. आम्ही हसलो. वादळ आलं.

तुमचा ताठा दुसरीकडं होता. तो ३-४-३ या तीन आकड्यांत होता.

या आकड्यांना मी हसणार नाही. त्याच मांडणीवर तुम्ही २०२१ मध्ये स्पोर्टिंगला तब्बल १९ वर्षांनी पोर्तुगालचं विजेतेपद मिळवून दिलंत, २०२४ मध्ये पुन्हा दिलंत, आणि निघता निघता मँचेस्टर सिटीला ४-१ नं लोळवलंत. त्या रात्री आम्ही कट्ट्यावर नाचलो होतो. आपला होणारा जावई दुसऱ्याच्या लग्नात नाचताना बघून खूश व्हावं, तसं. पण लिस्बनमध्ये बहुतेक संघ तुमच्यासमोर आपल्या पेटीजवळ बसून राहायचे. तिथं मधल्या फळीत दोघं पुरतात. इंग्लंडमध्ये तळाचा संघसुद्धा मध्यभागी तिघं घेऊन येतो, आणि मग दोघांनी तिघांचं रान राखायचं. त्या दोघांत एक कॅसेमिरो, तेहतिशीतला, ज्याची अक्कल अजून पंचविशीची पण पाय नाहीत. दुसरा ब्रुनो फर्नांडेस, ज्याला गोलसमोर ठेवायचा त्याला तुम्ही मागं राखणीला बसवलंत. आणि ब्रुनो तिथं आला म्हणून कोबी मेनूला जागाच उरली नाही. विसाव्या वर्षी, युरो कपची फायनल खेळून बसलेलं पोर, क्लबच्या अंगणात वाढलेलं. २०२५-२६ च्या मोसमात लीगच्या एकाही मॅचला तुम्ही त्याला सुरुवातीपासून उतरवलं नाहीत. बोर्नमथबरोबरच्या ४-४ च्या मॅचला तर त्याच्या घरचा माणूस 'मेनूला सोडा' असा टी-शर्ट घालून स्टँडमध्ये बसला होता. पेठेतसुद्धा एवढं कुणी करत नाही. आमच्याकडं थेट कोचच्या घरी जातात.

२७ ऑगस्ट आठवतो? तुमच्यासाठी ग्रिम्सबीची रात्र. आमच्यासाठी गणेश चतुर्थी. दिवसभर मूर्ती आणण्यात गेला, मंडपात रात्रीची आरती झाली, आणि साडेबाराला आम्ही सात-आठ जण मंडपाच्या मागच्या बाजूला, ताडपत्रीखाली, एका मोबाइलभोवती. बाहेर पावसाची रिपरिप, तिकडं ग्रिम्सबीतही पाऊस. चौथ्या श्रेणीतला संघ, अर्ध्या वेळेला २-० पुढं. कॅमेरा वारंवार तुमच्यावर येत होता. तुमच्या हातात तो छोटा बोर्ड, त्यावर खेळाडूंच्या सोंगट्या, आणि तुम्ही त्या भर पावसात इकडच्या तिकडं सरकवत होता. समोर मैदानावर खरी माणसं घसरत होती, पण तुमची नजर बोर्डावर. मागून कुणीतरी म्हणालं, "सारीपाट मांडलाय भावा." त्या बोर्डावर तुम्ही काय शोधत होता, मला अजून कळलेलं नाही. सोंगट्या कितीही सरकवल्या तरी मागं तिघंच राहणार होते.

शेवटी एम्बेमो आणि मग्वायरनं २-२ केलं, पेनल्टी आल्या, आणि तुम्ही बाकावर मान खाली घालून बसलात. बघितल्याच नाहीत. आम्ही मात्र सगळ्या बघितल्या. १२-११ नं गेली मॅच. बाप्पासमोर शिवी द्यायची नाही म्हणून एक जण उठून रस्त्यावर गेला, तिथं देऊन परत आला.

पुढं सप्टेंबरात सिटीकडून ०-३ झाल्यावर मांडणीबद्दल विचारलं तर तुम्ही म्हणालात, पोपनं सांगितलं तरी बदलणार नाही. हसत म्हणालात, तुमचं हसणं गोड आहे, त्याचा राग येत नाही. ऑक्टोबरात अ‍ॅनफिल्डवर २-१ जिंकलात तेव्हा आम्हीच म्हणालो, बघा, माणूस खरा होता. तिथं २०१६ नंतरचा पहिला विजय. मग्वायरच्या त्या हेडरवर आमच्या गल्लीतली कुत्री जागी झाली.

मला खरं बोलायचंय ते डिसेंबराबद्दल. पहिल्याच मोसमात लक्षात आलं होतं की या मांडणीला लागणारे खेळाडू आपल्याकडं नाहीत, असं तुम्ही डिसेंबरात कबूल केलंत. आणि पत्रकारांना म्हणालात, तुम्ही सतत बदला-बदला म्हणत असताना मी बदललं तर खेळाडूंना वाटेल की तुमच्यामुळं बदललं, आणि तिथं मॅनेजर संपला.

हे वाचून मी पेपर खाली ठेवला. कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं.

पंचवीस वर्षांपूर्वी मी आमच्या तालमीकडून खेळायचो. तालमीचं नाव सांगत नाही, कोचचंही नाही. माणूस भला होता, सगळे आण्णा म्हणायचे. त्यांची एक खोड होती. गोलकीक मिळाली की चेंडू डावीकडच्या विंगला लांब मारायचा, बस्स. तिथं आमचा एक उंच गडी होता, एके काळी तो सगळे जिंकायचा. पण दोन वर्षांत अख्ख्या कोल्हापूरला ते कळलं. एका सेमीफायनलला समोरच्यांनी त्याच्यावर दोन माणसं लावली. पहिली गोलकीक गेली, दुसरी गेली, तिसरी गेली, आणि आमचेच लोक स्टँडमधून ओरडायला लागले, "आण्णा, उजवीकडं! उजवीकडं मारा की!" उजवीकडं मी होतो. एकटा. बैलगाडी वळवता येईल एवढी जागा माझ्याभोवती. आण्णांनी स्टँडकडं एकदा बघितलं, हाताची घडी घातली, आणि गोलकीपरला खूण केली. डावीकडं. शेवटपर्यंत डावीकडं. २-० हरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ खाताना कुणीतरी धीर करून विचारलं. आण्णांनी कट संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "लोक ओरडले नसते तर दहाव्या मिनिटाला बदललं असतं."

तेव्हा आम्ही हसलो होतो. तुमचं वाचून हसू आलं नाही. आण्णांना ती चूक एका सेमीफायनलला पडली. तुमचा त्यात अख्खा मोसम गेला. मॅच समोरच्या अकरा जणांशी असते, पण तुमची मॅच चालू होती स्टुडिओत बसलेल्या चार माणसांशी, पेपरवाल्यांशी, थोडी आमच्याशीही. कोचनं स्टँडचं ऐकू नये, हे मला मान्य आहे. स्टँड अर्ध्या वेळेला चुकीचंच ओरडतं. पण स्टँड ओरडलं म्हणून उलटं करणारा कोचसुद्धा स्टँडच्याच तालावर नाचतो. फक्त पाय उलटे टाकतो.

आणि गंमत बघा, तुम्ही बदललंत! २६ डिसेंबर, न्यूकॅसल. ब्रुनो जखमी, एम्बेमो आणि अमाद आफ्रिकन स्पर्धेला गेलेले, माणसंच नव्हती, म्हणून मागं चौघं उभे केलेत. विंगबॅक म्हणून आणलेला पॅट्रिक डोर्गू उजव्या विंगला पुढं, आणि त्यानंच हवेतल्या हवेत मारलेला तो गोल, युनायटेडसाठी त्याचा पहिला. १-० जिंकलो. आमच्याकडं पहाटेचे साडेतीन वाजले होते, थंडीचे दिवस, आणि मी बायकोला न उठवता स्वयंपाकघरात एकट्यानं चहा केला. सुटलो म्हटलं. वाट सापडली याला.

चार दिवसांनी वुल्व्ह्ज. १८ मॅचमध्ये २ गुण मिळवलेला, तळाला गेलेला संघ, आपल्याच मैदानावर. आणि मागं पुन्हा तिघं! १-१. मोसमभर मी तुमच्यावर चिडलो, पण त्या रात्री पहिल्यांदा वाईट वाटलं. तुमची भीती हरायची नव्हती, लोक 'सांगितलं नव्हतं?' म्हणतील याची होती. माझा पुतण्या सिटीवाला आहे. तो म्हणाला, "काका, हा तुमच्याशी रुसलाय."

तुमच्या बाजूनंही बोलायला हवं, नाहीतर बँकवाला मला कट्ट्यावर बसू देणार नाही. त्याचं म्हणणं, ३-४-३ वाला माणूस आणायचा आणि मग तो ३-४-३ खेळतो म्हणून बोंब मारायची, हा कुठला न्याय? तुम्ही मोसम संपल्यावर येतो म्हणत होता, त्यांनी आत्ताच नाहीतर नाही म्हणून नोव्हेंबरात ओढून आणलं. शिबिर नाही, आपले खेळाडू नाहीत, आणि तीन दिवसांआड मॅच. मालकांची चूक तुमच्याहून मोठी आहे, यात वाद नाही. पण मालकांना पत्र लिहून काय होतं? ते ३-४-३ पण वाचत नाहीत, ताळेबंद वाचतात.

मग तुमच्या जागी कॅरिक आला. मागं चौघं, मेनू मध्यभागी पहिल्या मिनिटापासून, ब्रुनो पुढं. १७ जानेवारीला सिटी २-० नं गेली, आठवड्यानं आर्सेनलला त्यांच्याच घरी ३-२. गोल करणारे कोण? एम्बेमो, डोर्गू, कुन्या. सगळे तुमच्याच वेळी आलेले. ते गोल बघताना तुम्ही कुठं होता, टीव्ही लावला होता की नाही, हे मला का कोण जाणे जाणून घ्यावंसं वाटलं.

एक विनंती आहे. तुम्हाला सध्या सवड असेल. आमच्याकडं मोसम ऐन भरात आहे. शाहू स्टेडियमला या, साध्या शर्टात, टोपी घालून. ओळखणारे ओळखतील, पण कुणी त्रास देणार नाही. पश्चिमेकडं पाठ करून बसू, म्हणजे डोळ्यांवर ऊन येत नाही. विसाव्या मिनिटापर्यंत तुम्हाला दिसेल की कुठल्यातरी कोचनं उजवीकडचा एक गडी मोकळा सोडलाय आणि त्याला चेंडू जात नाहीये. तेव्हा उठून ओरडा. पोर्तुगीजमध्ये चालेल. शेंगा आमच्याकडून.

आपला,
युनायटेडचा एक जुना चाहता, कोल्हापूर