आवाज बसलाय, तरी गा!

शीळफाट्याला ट्रक-कंटेनरच्या रांगेत रिक्षा अडकली की मी कानात इअरफोन घालते. परवा शेजारच्या बाईंनी विचारलं, "भक्तिगीतं का हो?" मी नुसती हसले. पन्नाशी ओलांडलेली बाई 'क्वीन' नावाचा इंग्रजी रॉक बँड ऐकते, हे कसं सांगायचं!

मैत्रिणींनो, हा बँड तसा आपल्याला अगदी परका नाही. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे पारशी घरातला फारोख बुलसारा. जन्म १९४६ चा, झांझिबारचा. पण शिकला आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथेच मित्रांबरोबर 'हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँड जमला.

मला मात्र स्टुडिओतल्या घोटीव गाण्यांपेक्षा क्वीनचे लाइव्ह अल्बम जास्त आवडतात. १९७९ चा 'लाइव्ह किलर्स' ऐका. 'लव्ह ऑफ माय लाइफ' सुरू होतं आणि फ्रेडी गाणं चक्क लोकांच्या हवाली करतो. सुरेल-बेसूर सगळे गळे एक होतात. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'तला ऑपेराचा भाग स्टुडिओत आवाजावर आवाज चढवून केलेला. चौघांना तो रंगमंचावर जमणं शक्यच नव्हतं. मग तेवढी टेप लावायची आणि आपण सरळ आत जायचं! लपवाछपवी नाही. फ्रेडीच्या स्वरयंत्रावर गाठी होत्या. वरचा सूर लागणार नसेल तर तो खालचा घ्यायचा, पण गायचा.

उलट १९८६ च्या 'लाइव्ह मॅजिक'मध्ये गाणी कापून छोटी केली. तो अल्बम मला अर्ध्या पोटी उठल्यासारखा वाटतो. वेम्ब्लीची १२ जुलै १९८६ ची मैफल मात्र १९९२ मध्ये अल्बम होऊन आली. फ्रेडी नोव्हेंबर १९९१ मध्येच गेला होता. माणूस गेला, ती रात्र राहिली.

माझी आई जात्यावरच्या ओव्या फार छान म्हणायची. घरात टेपरेकॉर्डर होता. "आई, म्हण ना," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "आज आवाज बसलाय गं, मग बघू." ते 'मग' कधी आलंच नाही. आज ओव्यांचे शब्द माझ्या वहीत आहेत, आईचा आवाज कुठेच नाही.

यंदा सोसायटीच्या हळदीकुंकवाला सगळ्या मला गा म्हणाल्या. ओठांवर तेच आलं होतं, आवाज बसलाय. पण गायले. मध्येच एक ओळ विसरले, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. लेकीने ते मोबाइलवर घेतलं आणि रात्री विचारलं, "आई, शिट्टी काढून टाकू का?"

म्हटलं, "राहू दे."

आपण बायका आवाज लागायची, घर आवरायची, साडी नीट नेसून व्हायची वाट बघत बसतो. नका बघू. घरात आई असेल, आजी असेल, तिला आजच गायला सांगा आणि घेऊन ठेवा. खोकल्यासकट.