चिंधी निवडणाऱ्या हाताची किंमत

परदेशी खरेदीदारांच्या तोंडी सध्या एक नवा शब्द आहे, ‘चक्रीय अर्थव्यवस्था’. म्हणजे वापरलेली वस्तू फेकायची नाही, तिच्यापासून पुन्हा माल करायचा. आपल्या कापड बाजाराला यात नवीन काय? जुन्या साड्यांवर भांडी देणारी बोहारीण आणि मुंबई-भिवंडीच्या शिलाई कारखान्यांतले कतरण पानिपतला पाठवणारा गोदामवाला हाच धंदा करीत आले आहेत. जुन्या लोकरीचे तंतू मोकळे करून पुन्हा कापड विणण्याची ‘शॉडी’ची युक्ती तर इंग्लंडातल्या बॅटली गावी १८१३ साली निघाली. पानिपतचा ब्लँकेटचा धंदा त्याच युक्तीवर उभा राहिला.

नवीन आहे तो कागद. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून जुने कापड वेगळे गोळा करणे सदस्य देशांना बंधनकारक केले. मोठे ग्राहक पुनर्वापराच्या सुतासाठी ‘जीआरएस’ प्रमाणपत्र मागतात. त्यात मजुरांच्या हक्कांच्याही अटी आहेत, ही चांगलीच गोष्ट. परंतु हे प्रमाणपत्र सुरू होते चिंधीचे तंतू करणाऱ्या कारखान्यापासून. त्याआधी गोळा करणाऱ्या व निवडणाऱ्या गोदामाला ते लागत नाही, लेखी निवेदनावर भागते. आणि बायाबापड्यांचे हात तर तिथेच राबतात!

गोदामात बाई काय करते ते आपण रोज पाहतो. बटण, चेन, लेबल काढते. रंग वेगळे करते. हात लावताच सुती कोणते आणि पॉलिएस्टर कोणते ते ओळखते. तिने रंग नीट लावले म्हणून पुढे सूत रंगवावे लागत नाही. पाणी आणि रसायन वाचते, आणि त्यावरच परदेशी ग्राहक खूश. लायक्रा मिसळलेले पोते पांढऱ्या होजियरीत गेले की गिरणीवाला भाव तोडतो. एवढे कसब, पण मजुरी हमालीच्या हिशेबाने. नाकात धूळ जाते ती वेगळीच. तोंडाला बांधलेल्या ओढणीने कापसाची बारीक धूळ थांबत नाही.

काही व्यापारी मित्र म्हणतात, “भाईसाहब, किलोमागे सुटते किती, त्यात बाईला काय द्यायचे?” सुटते थोडे, हे मान्य. पण मिसळीचा भाव आणि निवडलेल्या पांढऱ्या सुतीचा भाव यांत जो फरक पडतो तो कोणी निर्माण केला? आपण तर फक्त वजन केले आणि बिल फाडले. त्या फरकातला हिस्सा मालाच्या प्रतीप्रमाणे तिच्या मजुरीत गेला पाहिजे. मेहेरबानी म्हणून नव्हे, हक्क म्हणून.

दुसरी बाब आपल्याच पोटाची. आपला बहुतेक व्यवहार तोंडी, फार तर चिठ्ठीवर. उद्या खरेदीदाराने कतरण कोठून आले, कोणी निवडले, मजुरी काय दिली असे विचारले, तर मोठ्या कंपन्या शिलाई कारखान्यांशी थेट करार करतील आणि मधली गोदामे गळतील. मग निवडणारी बाई आणि आपण, दोघांचीही रोजी एकदम जाईल. एकेका गोदामाला हिशेबनीस परवडणार नाही, म्हणून दहा-बारा जणांनी मिळून एक ठेवावा. आवक-जावकची वही, मजुरीवर सही किंवा अंगठा, धूळ ओढणारा पंखा आणि चांगले मास्क, एवढ्यापासून सुरुवात करता येते. वही मात्र आमच्यासारख्यांच्या उर्दू अक्षरात चालणार नाही, तपासनीस इंग्रजी मागतो. आपल्या मोहल्ल्यांत बी.कॉम. झालेल्या मुली घरी बसून आहेत, त्यांना विचारा.