विसरभोळेपणावर गोळी लिहिण्याआधी

"हल्ली फार विसरतात, डॉक्टर. एखादी ताकदीची गोळी द्या ना." वृद्ध आई-वडिलांना घेऊन आलेला मुलगा किंवा सून असे म्हणते आणि बहुतेक दवाखान्यांत मल्टिव्हिटॅमिन लिहून दिले जाते. फायदा झाला तर झाला, नुकसान तर काही नाही, हा त्यामागचा विचार. त्यातला पहिला भाग अर्धवट आहे आणि दुसरा चुकीचा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी फायद्याचे पाहू. अमेरिकेतल्या कॉसमॉस चाचणीच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भागात ३५६२ ज्येष्ठांना वीस शब्दांची यादी दाखवून लगेच आठवतील तेवढे शब्द विचारले होते. वर्षभर मल्टिव्हिटॅमिन घेतलेल्यांची सरासरी ७.१० वरून ७.८१ वर गेली. पण प्लासिबो घेणाऱ्यांचीही ७.२१ वरून ७.६५ झाली. म्हणजे गोळीच्या वाट्याला आला जेमतेम पाव शब्द. त्याआधी ६५ वर्षांवरील ५९४७ पुरुष डॉक्टरांवर बारा वर्षे चाललेल्या चाचणीत तेवढाही फरक दिसला नव्हता. बुद्धीचा ऱ्हास टाळण्यासाठी ब आणि ई जीवनसत्त्वे किंवा मल्टिव्हिटॅमिन देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे.

मात्र हे सगळे बहुतांशी चांगले पोषण असलेल्या लोकांबद्दल आहे. आपला रुग्ण वेगळा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे आणि परिसरातील मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात ६७ टक्के पुरुषांचे बी-१२ कमी निघाले, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचे. ती पिढी आता ज्येष्ठ झाली आहे. अनेकांचे जेवण आयुष्यभर शाकाहारी, दूध चहापुरते, त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल. ही दोन्ही औषधे बी-१२चे शोषण कमी करतात. अशा रुग्णाचा विसरभोळेपणा, तळपायाच्या मुंग्या आणि चालतानाचा तोल यांचा एकत्र विचार व्हायला हवा. हिमोग्लोबिन आणि एम.सी.व्ही. ठीक आहेत म्हणून बी-१२ची तपासणी टाळू नये. रक्त नॉर्मल दिसत असतानाही मज्जातंतूंची हानी होऊ शकते. कमतरता लवकर सापडली तर सुधारणेला वाव असतो. महिने, वर्षे उलटली की तो कमी होत जातो.

आता नुकसानीचे. बी-१२ न तपासता नुसते फॉलिक ॲसिड दिले तर ॲनिमिया सुधारतो आणि मज्जातंतूंचा आजार नकळत पुढे सरकत राहतो. बी-६ जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास तेच मुंग्या आणि बधिरपणा आणते. रोज ४०० युनिट किंवा त्याहून जास्त ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत एकूण मृत्यू किंचित वाढल्याचे २००५ मधील एकत्रित विश्लेषणात दिसले. आणि ड जीवनसत्त्वाचे ६०,००० युनिटचे सॅशे! आठवड्यातून एकदा लिहिलेले सॅशे घरी रोज घेतले जाते, आठ आठवड्यांचा कोर्स कोणी न थांबवल्याने चालूच राहतो. मग कॅल्शियम वाढते, बद्धकोष्ठता, सुस्ती आणि गोंधळलेपणा येतो. ज्या तक्रारीसाठी गोळ्या सुरू झाल्या, तीच गोळ्यांमुळे वाढते, आणि वयाकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो.

हे टाळायला मोठ्या यंत्रणेची गरज नाही. घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स आणि सॅशे पिशवीत घालून आणायला सांगा, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या आणि दुकानातून परस्पर आणलेल्यासुद्धा. बी-१२, थायरॉइड, साखर आणि कॅल्शियम तपासा. रुग्णाला ऐकू नीट येते का, झोप लागते का, मन उदास आहे का, हे विचारा. बी-१२ कमी असेल तर पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ द्या, मज्जातंतूंची लक्षणे असतील तर सुरुवात इंजेक्शनने करा. कमी नसेल तर गोळी लिहू नका. का लिहीत नाही, हे मुलाला किंवा सुनेला पाच मिनिटे बसवून समजावून सांगा.