समजून घ्या : पडद्यावरच्या जॉन नॅश यांनी गोळ्या का घेतल्या? ‘अ ब्युटिफुल माइंड’चा वाद आणि आपली ‘देवराई’

गणितज्ञ जॉन नॅश यांच्यावरचा ‘अ ब्युटिफुल माइंड’ 2001 च्या डिसेंबरमध्ये आला आणि पुढच्याच मार्चमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर घेऊन गेला. रसेल क्रो यांच्या कामाचं कौतुक झालं, जगभरात 30 कोटी डॉलरहून जास्त गल्ला जमला. तरी समीक्षकांचा एक गट नाराज होता आणि ती नाराजी अजून मिटलेली नाही. स्किझोफ्रेनिया म्हणजे काय, हे आजही अनेकांना पहिल्यांदा याच सिनेमातून कळतं. त्यामुळे हा वाद फक्त सिनेमावाल्यांचा राहत नाही.

आक्षेप नेमके कोणते?

सिनेमाचा आधार आहे सिल्व्हिया नासर यांनी 1998 मध्ये लिहिलेलं चरित्र. पटकथेनं त्यातलं बरंच गाळलं. नॅश यांना लग्नाआधी झालेला मुलगा नाही, 1963 चा घटस्फोट नाही. शेवटी पत्नी अलिशियाला उद्देशून केलेलं नोबेलचं भाषण तर पूर्ण काल्पनिक. खऱ्या नॅश यांना आवाज ऐकू येत. पडद्यावर मात्र चालती-बोलती माणसं दिसतात, कारण कॅमेऱ्याला आवाजापेक्षा माणूस सोपा.

गणिताचीही गफलत आहे. बारमधल्या प्रसंगात सगळे मित्र सोनेरी केसांच्या मुलीकडे दुर्लक्ष करतात आणि नॅश यांना सिद्धांत सुचतो. पण ‘नॅश समतोल’ म्हणजे बाकीचे आपापल्या जागी असताना एकट्यानं चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती. इथे तर एकानं शब्द फिरवला की तो थेट त्या मुलीकडे जाऊ शकतो. म्हणजे सिनेमातलं उत्तर नॅश यांच्याच व्याख्येत बसत नाही!

गोळ्यांचं प्रकरण काय?

खरा पेच इथे आहे. 1994 मध्ये नोबेलची चाहूल लागते तेव्हा पडद्यावरचे नॅश आपण नवी औषधं घेत असल्याचं सांगतात. प्रत्यक्षात त्यांनी 1970 नंतर औषधं घेतलीच नव्हती. सिनेमा बघून रुग्णांनी गोळ्या सोडू नयेत म्हणून पटकथाकारानं हा बदल केला, असं नॅश यांनीच पुढे सांगितलं.

चरित्रपटानं असं खोटं बोलावं का? तत्त्व म्हणून नाहीच. पण घरात रुग्ण असलेल्याला विचारा. ‘नोबेलवाला गोळ्यांशिवाय बरा झाला’ एवढं एक वाक्य कानावर पडलं की डबी फडताळात मागे जाते. औषध अचानक बंद झालं की आजार उलटण्याचा धोका मोठा. नॅश यांच्यासारखं सावरणं सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. त्या एका वाक्याबद्दल पटकथाकाराला माफ करावंसं वाटतं.

माफ न करण्याजोगी चूक दुसरीच. नॅश सावरले ते वर्षानुवर्षं, हळूहळू. घटस्फोटानंतरही अलिशियानं त्यांना घरात ठेवून घेतलं. प्रिन्स्टननं त्यांना आवारात फिरू दिलं, फळ्यांवर लिहू दिलं, हाकललं नाही. सिनेमात हा कंटाळवाणा, लांबलचक काळ झपाट्यानं उरकतो. घरच्यांच्या वाट्याला मात्र नेमका तोच काळ येतो.

मराठीत हे कुणी दाखवलं?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’नं. 2004 चा हा सिनेमा चरित्रपट नाही, पण त्यामागे एक खरं घर आहे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली आणि ‘देवराई’साठीही पुढाकार घेतला.

अतुल कुलकर्णी यांचा शेष हुशार आहे, पण त्याला कुठलंही नोबेल मिळत नाही. गावच्या देवराईत त्याचा जीव अडकलाय. सोनाली कुलकर्णी यांनी साकारलेली बहीण त्याला सांभाळता सांभाळता थकते, चिडते आणि तरी सांभाळत राहते. गंमत म्हणजे सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरणाच्या गटात. झाडं दिसली, माणूस नंतर! याच जोडीच्या ‘कासव’मध्ये कोकणचा किनारा आणि नैराश्यातला तरुण आहे. त्याला 2017 मध्ये सुवर्णकमळ मिळालं.

रायगडच्या किनाऱ्यावर याचा संबंध काय?

हरिहरेश्वर, दिवेआगरच्या वाळूत कासवाचं घरटं सापडलं की गाव पहारा देतं. माणसाचं डोकं बिघडलं की मात्र ‘बाहेरचं काहीतरी’ म्हणत आधी भगताकडे नेतात, डॉक्टर शेवटी. तेही जवळ नाहीत. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, पण श्रीवर्धनहून अलिबागला जाऊन यायचं तर दिवस मोडतो, रोजंदारी बुडते आणि पुढच्या महिन्याची फेरी चुकते. गोळ्या बऱ्याचदा अशा सुटतात. त्यासाठी सिनेमा बघावा लागत नाही.

मानसिक आरोग्य कायदा 2017 नं उपचार हा हक्क ठरवला आहे. एसटीची वाट बघण्याआधी फोनवर बोलता येतं : टेली-मानस, क्रमांक 14416, मोफत, 24 तास, मराठीतही.