मनगटावर पट्टा असेल, पण धावून कोण येणार?

30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर 2023 या चोवीस तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात बालके होती. दुसऱ्या दिवशी एकूण आकडा 31 वर गेला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, मंत्री येऊन गेले, एका खासदारांनी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले आणि सर्वांत जास्त फिरली ती त्याचीच चित्रफीत. औषधे होती की नव्हती यावर महिनाभर वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. मी इंजिनिअर असल्यामुळे मला मात्र आणखी एक प्रश्न छळत राहिला. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण असलेल्या वॉर्डात रात्री दोन वाजता कोणाची प्रकृती ढासळते आहे, हे कोणाला कळते? आणि कसे कळते?

बहुतेक वेळा ते नातेवाइकाला कळते. आई उठते, सिस्टरांना शोधते, सिस्टर तिसऱ्या खाटेवर सलाइन लावत असतात. याच जागी बिनतारी यंत्रे उपयोगी पडू शकतात. हे तंत्रज्ञान आता दूरदेशीचे राहिलेले नाही. बंगळुरूची डोझी ही कंपनी गादीखाली ठेवायची संवेदक पट्टी बनवते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी शरीराला बसणारा सूक्ष्म हादरा ती टिपते आणि त्यावरून नाडी व श्वास मोजते. रुग्णाला एकही वायर जोडावी लागत नाही. त्याहून पुढे जाऊन केवळ रेडिओलहरींनी छातीची हालचाल मोजण्याचे प्रयोग अमेरिकेत एमआयटीमध्ये दहा वर्षांपूर्वीच झाले आहेत. नाडी, श्वास, रक्तदाब, तापमान यांना गुण देऊन धोका आधीच ओळखण्याची पद्धत ब्रिटनने 2012 पासून देशभर आणली. तिला कागद आणि पेनही पुरते. यंत्र फक्त तो कागद न विसरता, न झोपता भरते.

पण आपल्या वॉर्डात गादीखालच्या पट्टीला गादीवर कोण आहे ते कळत नाही. एका खाटेवर दोन बाळंतिणी असल्या तर? रुग्ण खाली चटईवर आणि खाटेवर दोन रात्री न झोपलेली सासू, असे दृश्य नांदेडला काय आणि लातूरच्या विलासराव देशमुख संस्थेत काय, नवे नाही. पडद्यावर सासूची नाडी उत्तम दिसत राहील. ब्लूटूथचे तर आणखी निराळे. माणसाचे शरीर बरेचसे पाण्याचे आणि खाटा लोखंडी. दोन्हींमुळे संदेश क्षीण होतो किंवा भलतीकडे उसळतो. गर्दीच्या वॉर्डात रुग्णाची नेमकी जागा काही मीटरने चुकू शकते. पुण्यातल्या चकचकीत रुग्णालयात चाचणी झालेले यंत्र मराठवाड्यात तसेच चालेल, असे निविदेच्या कागदावर लिहून आलेले असते. ते तपासणारा माणूस समितीत नसतो.

मला सर्वांत आवडलेले उपकरण यापैकी एकही नाही. बंगळुरूच्याच बेंपू कंपनीने कमी वजनाच्या बाळांसाठी एक मनगटी पट्टा काढला. बाळ गार पडू लागले की तो नारंगी दिवा लावतो आणि आवाज करतो. आई बाळाला छातीशी घेते, ऊब देते. त्याला सर्व्हर लागत नाही, वाय-फाय लागत नाही, आणि आईला वाचता यावे लागत नाही. किनवट-माहूरकडून शंभराहून अधिक किलोमीटर प्रवास करून विष्णुपुरीला पोहोचणाऱ्या बाळासाठी वाटेत गार पडणे हाच मोठा धोका असतो. खरेदीची सुरुवात इथून व्हावी, असे माझे मत आहे.

रुग्णाचा माग ठेवणाऱ्या पट्ट्याची गोष्ट वेगळी. जून 2020 मध्ये जळगावच्या जिल्हा रुग्णालयातून कोविडग्रस्त 82 वर्षांच्या आजी ‘बेपत्ता’ झाल्या आणि आठ दिवसांनी त्याच रुग्णालयाच्या शौचालयात त्यांचा मृतदेह सापडला. मनगटावर साधा आरएफआयडी टॅग आणि दारोदारी वाचक यंत्र असते, तर त्या शेवटच्या कोणत्या दारातून गेल्या हे पाच मिनिटांत कळले असते. ते शौचालय रोज साफ झाले असते तरीही कळले असते. हे दुसरे वाक्य विक्रेते कधीच उच्चारत नाहीत. गजर वाजवणे सोपे आहे, वाजलेल्या गजराकडे जाणारे पाय लागतात. परिचारिकांच्या रिकाम्या जागा भरण्याऐवजी यंत्रे आणली, तर पंचवीस गजर एकदम वाजतील आणि एकटी सिस्टर वैतागून आवाज बंद करून टाकील. तिला दोष देता येणार नाही.

माग ठेवण्याचा दुसरा अनुभवही आपल्या भागाला आहे. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रात घरी विलगीकरणात पाठवलेल्यांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारला जाई. शिक्का रोगाचा होता, लोकांनी तो माणसाचा मानला. एप्रिलमध्ये निलंग्याच्या मशिदीत थांबलेल्या परप्रांतीय प्रवाशांचे अहवाल आले. पाठोपाठ नांदेडच्या हुजूर साहिबहून पंजाबात परतलेल्या यात्रेकरूंचे आले. दोन्ही वेळा आजार मागे पडला आणि जमात पुढे आली. कोण, कुठे, कोणासोबत होता ही माहिती तपासाच्या कागदातून गल्लीच्या तोंडी जायला एक दिवस पुरतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार वैद्यकीय आणीबाणीत संमतीशिवाय माहिती वापरता येते, आणि सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूदही त्यात आहे. म्हणून कायद्यावर विसंबून चालणार नाही. रुग्णाची माहिती ही अमानत आहे. ती वॉर्डातच राहावी, सुट्टी मिळताच पट्टा कापला जावा, जागेची नोंद ठरावीक दिवसांनी पुसली जावी आणि पोलिसांना ती न्यायालयाच्या आदेशाशिवाय मिळू नये. हे सारे निविदेतच लिहून घ्यावे लागेल. संमतीचा कागद मराठीत हवा, उर्दूत हवा, आणि वाचता न येणाऱ्याला तो कोणीतरी बसून समजावून सांगायला हवा.

विष्णुपुरीतच श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे. इलेक्ट्रॉनिक्सची मुले तिथे दरवर्षी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प करतात, आणि त्यातले अनेक प्रदर्शनानंतर कपाटात जातात. रुग्णालयाने नवजात विभागातल्या चार खाटा आणि एक समजूतदार सिस्टर त्यांना द्यावी. लोखंडी खाटेजवळ संदेश किती गळतो, वीज गेल्यावर राउटर किती मिनिटे टिकतो, गजर वाजल्यापासून माणूस पोहोचेपर्यंत किती वेळ जातो, एवढे जरी त्यांनी सहा महिने मोजले तरी कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त हाती लागेल.

नांदेड आणि लातूरच्या शासकीय रुग्णालयांत अभ्यागत समितीच्या बैठका होतात. आपल्यापैकी जे तिथे जातात किंवा तिथल्या सदस्यांना ओळखतात, त्यांनी पुढच्या वेळी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: रात्रपाळीत नवजात विभागात एका परिचारिकेमागे किती बाळे असतात, आज बंद पडलेले मॉनिटर किती आहेत, आणि त्यांच्या दुरुस्तीचा करार कोणाकडे आहे.